मोकळी जागा दिसली की ती भरायचीच का?

बहात्तर_सेंटी :

नमस्कार मंडळी.

'निसर्गाला पोकळी सहन होत नाही' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. सुमारे दोन हजार वर्षं शहाण्यासुरत्या माणसांनी ते खरं मानलं. मला वाटतं, आपण आपलंच भय निसर्गाच्या नावावर खपवलं. विज्ञानातून ते हळूहळू गेलं, पण भिंतीवर, कापडावर, गावाबाहेरच्या जमिनीवर ते अजून दिसतं का, आणि दाटी दिसली की तिला दर वेळी भयच म्हणायचं का, यावर बोलायला हा धागा काढतोय.

आधी विज्ञानाचं बघू. ॲरिस्टॉटलचा पोकळीला विरोध होता तो नुसता मनाचा कल नव्हता, त्यामागे युक्तिवाद होता. पाण्यापेक्षा हवेत वस्तू वेगाने जाते, अडथळा जितका कमी तितका वेग जास्त. मग अडथळाच नसेल तर वेग अमर्याद होईल. ते अशक्य, म्हणून पोकळीही अशक्य. त्याच ओघात तो आणखी एक गोष्ट सांगतो. पोकळीत एखादी वस्तू चालायला लागली तर ती इथेच का थांबेल, तिथे का नाही? एक तर ती जागची हलणार नाही, नाही तर कुणी अडवेपर्यंत चालतच राहील. पोकळीची कल्पना किती अडचणीची आहे हे दाखवायला त्याने हे लिहिलं. पण न्यूटनचा पहिला नियम जवळजवळ हाच आहे! अंगावर काटा येतो वाचताना.

विहिरीवरची मोटर ज्यांनी हाताळली आहे त्यांना पुढचा भाग लगेच कळेल. पाणी वीस-बावीस फुटांच्या खाली गेलं की वर बसवलेली मोटर पाणी ओढत नाही. फूट व्हॉल्व्ह बदला, पाइपात पाणी भरा, सांधे घट्ट करा, उपयोग नाही. म्हणून तर विहिरीत टप्पा करून मोटर खाली उतरवायची पद्धत होती, आणि बोअरला पाणबुडी मोटरच लागते. हीच अडचण इटलीतल्या पंपवाल्यांना आली. पंप कितीही चांगला असो, पाणी साधारण दहा मीटरच्या वर चढेना. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात याची दखल घेतली, पण उत्तर जुन्याच चौकटीत शोधलं. पोकळीची ओढ खरी आहे, फक्त तिला मर्यादा आहे, लांब दोर स्वतःच्या वजनाने तुटतो तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असं त्याला वाटलं.

इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीने पारा घेतला. एका टोकाला बंद नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा खाली उतरून थांबला आणि वर रिकामी जागा राहिली. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे दहा मीटरचं काम ७६ सेंटिमीटरमध्ये झालं. त्याच्या १६४४ च्या पत्रातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्याने दोन नळ्या घेतल्या होत्या. एक सरळ, दुसरीच्या बंद टोकाला मोठा काचेचा फुगा. पोकळीच पाऱ्याला वर ओढत असती, तर जिथे पोकळी मोठी तिथे ओढही जास्त हवी. पण दोन्ही नळ्यांत पारा एकाच उंचीवर थांबला. वरून कुणी ओढत नव्हतं, बाहेरची हवा ढकलत होती. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं त्याने त्या पत्रात लिहिलं.

भय नावाचं कारण गेलं आणि त्या जागी वजन आलं. कलेत आणि आपल्या रोजच्या जगण्यात तसं काही करता येईल का?

निशिगंध_२ :

वाचतेय. फुग्याच्या नळीचं पहिल्यांदाच कळलं. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

साखरपेठकर :

मालक, धागा झकास. पण आयडी बहात्तर का? पारा तर ७६ ला थांबतो म्हणता.

बहात्तर_सेंटी :

७६ समुद्रकाठी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून थोडं जास्त उंच आहे, त्यामुळे आपल्या डोक्यावरची हवा तेवढी कमी. इथे पारा साधारण ७२ सेंटिमीटरवर थांबेल. पंपाची दहा मीटरची मर्यादासुद्धा इथे ९.८ च्या आसपास येते, आणि पाइपातलं घर्षण, पाण्याची वाफ वगैरे धरून प्रत्यक्षात त्याहून बरीच खाली.

अपूर्णांक :

उंचीचा विषय निघालाच आहे तर फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलला वगळू नका. त्याचा मेहुणा पेरिये १९ सप्टेंबर १६४८ ला पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी द डोम डोंगरावर चढला. पायथ्याशी मठात एक नळी तशीच ठेवून दिवसभर तिच्यावर एका पाद्रीबाबांची नजर ठेवली होती. ती हलली नाही. डोंगरावर मात्र पारा साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास खाली उतरला. निसर्गाला पायथ्याशी पोकळीचं भय जास्त आणि शिखरावर कमी, असं म्हणायला कुणी धजावणार नव्हतं. मी विद्यार्थ्यांना डोंगरापेक्षा त्या मठातल्या नळीबद्दल जास्त सांगतो. तुलनेसाठी एक नळी मागे ठेवणं, तीही वेळोवेळी बघत राहणं, हे सुचायला मोठी शिस्त लागते.

दुसरं, वाद धर्मशास्त्रातही होता. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानं निषिद्ध ठरवली. त्यातलं एक असं की, देव विश्वाला सरळ रेषेत हलवू शकत नाही कारण मागे पोकळी उरेल. देवाला अशी मर्यादा घालायची नाही, म्हणून ते विधान बाद. त्यामुळे पोकळी निदान कल्पनेत तरी मांडायला विद्वानांना मोकळीक मिळाली.

उभाआडवा :

बहात्तर, विज्ञानाचं सगळं मान्य. पण धाग्यात 'कापडावर' असा शब्द आलाय म्हणून लिहितो. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, आजोबांपासून मागावर. चादर नक्षीने भरलेली असते म्हणून विणणाऱ्याला मोकळ्या जागेचं भय असतं, असं कुणी म्हणत असेल तर मला ते साफ नामंजूर आहे.

जकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राचा, पत्ता हातात घेऊन बघा. जाड पुठ्ठा, त्याला ओळीने भोकं. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, हूक वरच्या पट्टीला अडकलेला राहतो आणि पट्टी उठली की ताण्याची (उभ्या सुताची) तार वर येते. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक सुटतो, तार खालीच राहते. एका पत्त्यावर बाण्याची (आडव्या सुताची) एक ओळ. असे पत्ते एकाला एक शिवून माळ करतात आणि ती मागावर फिरत राहते. आजोबा नवीन पत्त्यांची माळ उजेडासमोर धरून भोकं तपासायचे. एक भोक चुकीचं पडलं तर प्रत्येक चादरीत त्याच ठिकाणी तीच तार चुकणार. जी माणसं आयुष्यभर भोकांवर विश्वास ठेवून जगली, त्यांना रिकाम्या जागेचं भय कसलं सांगता?

मग नक्षी दाट का? जास्तीचं रंगीत सूत घालून नक्षी काढायची असेल तर ते सूत एका फुलातून पुढच्या फुलापर्यंत कापडाच्या मागून जातं. फुलं लांब लांब ठेवली की मागचा सुटा धागा लांब होतो. मग तो बांगडीत अडकतो, पैंजणात अडकतो, लहान पोराच्या बोटात गुंततो. एक तर कापावा लागतो, नाही तर मध्ये बांधून घ्यावा लागतो. नक्षी जवळजवळ आणली की कापड टिकतं. शिवाय गिऱ्हाईक चादर उलगडून हात फिरवतं आणि कोरा भाग जास्त दिसला की 'यात काम कमी आहे' म्हणतं. याला टिकाऊपणा आणि मेहनतीचा मान म्हणा.

टॉवेलचं तर अजून वेगळं. टेरी टॉवेल पाणी धरतो ते नुसत्या सुतात नाही, फंद्याफंद्यांमधल्या मोकळ्या जागेतसुद्धा.

बहात्तर_सेंटी :

उभाआडवा, यासाठीच धागा काढला होता. दाटीमागचं कारण आधी शोधायचं, भयाचं लेबल नंतर, हे तुमच्या प्रतिसादातून घेण्यासारखं आहे. टॉरिचेल्लीने वेगळं काय केलं?

कोरी_चौकट :

कलेच्या इतिहासात 'हॉरर व्हॅकुई', म्हणजे रिकाम्या जागेचं भय, हा शब्दप्रयोग बहुतेकदा टीकेचाच राहिला. इटालियन समीक्षक मारिओ प्राझ यांनी व्हिक्टोरियन काळातल्या घरांची गर्दी, म्हणजे पडदे, झालरी, फोटो, शोभेच्या वस्तू, एक इंच जागा मोकळी नाही, तिचं वर्णन करायला तो वापरला. त्याच्या खूप आधीचं उदाहरण अथेन्सच्या संग्रहालयातल्या डिपिलॉन घड्याचं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, माणसाच्या खांद्याएवढा उंच, गळ्यापासून बुडापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी भरलेला. मधोमध मृत स्त्री ठेवलेली आणि भोवती डोक्यावर हात घेऊन रडणारी माणसं, त्यांच्यामधल्या फटीतही नागमोडी खुणा. पण तो घडा थडग्यावर ठेवायचा होता. मेलेल्या माणसासाठी एवढी मेहनत करणाऱ्याला भित्रा म्हणणं मला जमत नाही. अर्न्स्ट गोम्ब्रिख यांनी अशा कलेसाठी भयाऐवजी अनंताचं प्रेम असं म्हणावं असं सुचवलं होतं. उभाआडवांचं म्हणणं त्याच्या जवळ जातं.

आता आपल्या शेजारचं. सोलापुरातून विजयपूर शंभर किलोमीटर. सकाळची बस धरली तर एका दिवसात दोन्ही टोकं बघून परत येता येतं. इब्राहिम रोजाच्या भिंतींवर, दारांच्या आणि खिडक्यांच्या भोवती कोरलेली अक्षरं आणि भौमितिक नक्षी. जाळीतसुद्धा अक्षरं आहेत, म्हणजे मजकुराच्या मधून उजेड आत येतो. ते काम १६२७ च्या सुमाराचं. तिथून रिक्षा करून गोल घुमटाला जा. मोहम्मद आदिलशाहाची ही कबर त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १६५६ पर्यंत, बांधली जात होती. आत गेलं की सुमारे १,७०० चौरस मीटर जमीन आणि मध्ये एकही खांब नाही. एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानी घुमटाचा भार भिंतींवर उतरवतात. भिंतींवर जवळजवळ काही नाही. एवढं दगडचुन्याचं काम फक्त मधली जागा मोकळी ठेवण्यासाठी केलंय.

सन बघा. टॉरिचेल्लीची नळी १६४४, प्वी द डोम १६४८, माग्डेबुर्गच्या गेरिकेचं पोकळीचं जाहीर प्रात्यक्षिक १६५४. युरोपात पोकळी शक्य आहे का यावर भांडण चालू होतं, तेव्हा आपल्यापासून शंभर किलोमीटरवर गवंडी जगातल्या सर्वांत मोठ्या मोकळ्या खोल्यांपैकी एक उभी करत होते. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी ही सनावळी कळल्यापासून मी तिथे गेले की वरच्या सज्जात जरा जास्त वेळ थांबते.

निशिगंध_२ :

कोरी_चौकटताई, आधुनिक चित्रकलेतलं काही? म्हणजे जिथे कोरेपणा मुद्दाम ठेवलाय.

कोरी_चौकट :

वासुदेव गायतोंडे. नागपूरचा जन्म १९२४, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, २००१ मध्ये गेले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत, वस्तुनिरपेक्ष म्हणत. रंग लावायचा, रोलर किंवा पातं फिरवायचं, काढून घ्यायचा, पुन्हा लावायचा. वर्षाला मोजकीच चित्रं. छापील पुस्तकात ती नुसती पिवळी किंवा हिरवट पाटी वाटते, प्रत्यक्षात रंगाचे थर एकामागून एक दिसायला लागतात. ज्याला आपण मोकळी जागा म्हणतो तिच्यावर त्यांनी सगळ्यांत जास्त काम केलेलं असतं.

सोन्नलगी :

उशिरा आलो, पण सोलापूरच्या धाग्यावर ही गोष्ट यायलाच हवी. बाराव्या शतकात शरण संत अल्लमप्रभू आपल्या गावी, तेव्हाच्या सोन्नलगीला, आले तेव्हा सिद्धरामेश्वर देवळं आणि तलाव बांधण्याच्या कामात गढलेले होते. कन्नड 'शून्यसंपादने' या ग्रंथात हा प्रसंग आहे. अल्लमांनी येऊन सिद्धरामांचा माती खोदणारा म्हणून उल्लेख केला आणि कामावरची माणसं चिडून त्यांच्यावर दगड घेऊन धावली. पुढे दोघांचा संवाद होतो आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) जातात. अल्लमांच्या वचनांत 'बयलु', म्हणजे उघडी मोकळी जागा, पुन्हा पुन्हा येते, आणि तिथे भयाचा लवलेश नाही. कल्याणच्या अनुभवमंटपातल्या, म्हणजे शरणांच्या सभेतल्या, त्यांच्या आसनाला शून्यसिंहासन म्हणतात.

मला यातला पेच महत्त्वाचा वाटतो. सिद्धरामांचं बांधणं चुकीचं नव्हतं. त्यांचा तलाव आजही शहराच्या मधोमध आहे आणि गड्ड्याच्या यात्रेत अख्खं सोलापूर त्याच्या काठी जमतं. अल्लमांचा प्रश्न होता तो बांधणाऱ्याच्या मनाचा.

आणि आपल्याकडे सगळेच शून्याचे चाहते होते असंही समजू नका. वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी आकाशाला द्रव्य मानलं, शब्द हा त्याचा गुण मानला. 'शब्दगुणकमाकाशम्' हे तर्कसंग्रह शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. आवाज कशात तरी राहायला हवा, म्हणून सगळीकडे काहीतरी हवंच. त्यामागची गरज ॲरिस्टॉटलच्या जवळची आहे.

अपूर्णांक :

सोन्नलगी, अगदी हाच विचार १९ व्या शतकात प्रकाशाच्या बाबतीत झाला. लाट आहे तर माध्यम हवं, म्हणून ईथर. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मॉर्ली यांना त्याचा मागमूस लागला नाही. पुढे पुंज सिद्धान्ताने वेगळंच वळण घेतलं. १९४८ मध्ये कॅसिमिरने मांडलं की पोकळीत एकमेकांजवळ ठेवलेल्या दोन धातूच्या पाट्या किंचित ओढल्या जातील, आणि १९९७ मध्ये लामोरोने ते नेमकेपणाने मोजून दाखवलं. पण म्हणून 'पोकळी रिकामी नसतेच, ॲरिस्टॉटल बरोबर होता' असे जे मेसेज फिरतात ते फसवे आहेत. त्याचा आक्षेप वेगळा होता, आजची पोकळी वेगळी आहे.

माळटिटवी :

सगळे प्रतिसाद वाचले. मला या विषयातलं आज सर्वांत निकडीचं उदाहरण आपल्या वेशीबाहेर दिसतं. सोलापूरजवळच्या नान्नजकडे जा. मुरमाड जमीन, गुडघ्याएवढं गवत, मधूनच एखादी बोर-बाभूळ, आणि क्षितिजापर्यंत काही नाही. बाहेरचा माणूस म्हणतो, 'इथे काहीच नाही.' सातबारावर पडीक, सरकारी नकाशांच्या भाषेत ओसाड. मग ती भरायचीच असते. कुणाला तिथे झाडं लावायची असतात, कुणाला प्लॉट पाडायचे असतात, कुणाला तारा ओढायच्या असतात.

त्या काहीच-नाहीमध्ये काय आहे ते सांगते. पावसाळ्यात कुसळी आणि पवन्याचं गवत उभं राहतं. चंडोल जमिनीवर गवताच्या बुडाशी घरटं करतो. धाविक पक्षी तर उघड्या मुरमावरच अंडी घालतो, दोन पावलांवरून दिसत नाहीत. काळवीट आहेत, लांडगे आहेत. माळढोकासाठी इथे १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आज तो दिसणं जवळजवळ थांबलंय. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. धोका लांबून दिसला पाहिजे, यावर त्या पक्ष्याचं सगळं जगणं उभं आहे. झाडांची रांग लावली की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा आणि माळढोकाची नजर अडली. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे समोरचं कमी दिसतं आणि उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. राजस्थान-गुजरातेतल्या तारांचा प्रश्न २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो यामुळेच.

चादरीतली दाटी समजून घेतली की तिच्यामागे कारण सापडतं, हे उभाआडवांनी दाखवलं. माळ भरण्यामागे मला तसं कारण सापडत नाही. मोकळं दिसलं, बघवलं नाही, भरलं. याला मी भयच म्हणेन.

साखरपेठकर :

ताई, राग मानू नका, पण सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. ४२-४३ मध्ये डोक्यावर सावली नको का? झाड लावणाऱ्याला वाईट कसं म्हणायचं? आम्ही मित्रांनी दर पावसाळ्यात रोपं लावली आहेत, मनापासून लावली आहेत.

माळटिटवी :

दादा, राग कसला. सावली हवीच. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, बांधावर, ओढ्याच्या काठाने लावा, मी स्वतः रोपं आणून देईन. वड, लिंब, करंज, चिंच इथे छान येतात. पण उथळ मुरमावर खड्डा खणून, टँकरने पाणी घालून रोप जगवायचं आणि त्यासाठी गवत उपटायचं, यात गवतही जातं आणि बहुतेकदा रोपही. गवताची मुळं माती धरून ठेवतात, पाऊस मुरवतात, गुरांना चारा देतात.

बहात्तर_सेंटी :

माळटिटवी, मी धागा काढला तेव्हा जमिनीचा उल्लेख ओझरता केला होता, आता तोच मुख्य विषय वाटतोय. पाऱ्याच्या नळीत वरची जागा रिकामी आहे हे मान्य करायला विद्वानांना वर्षं लागली. माळाबद्दल तर उलटी अडचण आहे. तो रिकामा नाही, हे आधी बघावं लागेल.

उभाआडवा :

माझा एक प्रश्न. आमच्या वाटणीत उत्तर सोलापूर तालुक्यात थोडी माळजमीन आलीय. पिकत काही नाही. भाऊ म्हणतो सपाट करून घेऊ, मी अडवून धरलंय. तशीच ठेवायची तर नेमकं काय करायचं? नुसतं सोडून द्यायचं का?

माळटिटवी :

नुसतं सोडून देऊ नका, थोडं लक्ष लागतं. पावसाळाभर कापणी नको, घरटी जमिनीवर असतात. कुसळीचं बी पिकून गळालं की मग कापा, म्हणजे पुढच्या वर्षीचं बी जमिनीतच राहतं आणि चारा तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गुरांना होतो. उन्हाळ्यात वणवा लागणार नाही एवढं बघा, कडेने एक पट्टा साफ ठेवला तर बरं. सुबाभूळ किंवा वेडी बाभूळ उगवली तर लहान असतानाच उपटा, नंतर आवरत नाही. नांगर मात्र अजिबात घालू नका, एकदा माळ मोडला की तसं गवत परत यायला फार काळ जातो.

उभाआडवा :

धनगरांचा कळप दरवर्षी तिकडून जातो. मेंढरं बसवू दिली तर चालतील?

माळटिटवी :

चालतील, हवीतच. माळ आणि मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या बरोबर आहेत. फक्त एकाच तुकड्यावर फार दिवस थांबवू नका, आणि कुसळं गळून गेल्यावर बोलवा, नाही तर ती लोकरीत रुततात. ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, कधी यायचं ते त्यांनाच विचारा. पावसाळा संपला की मी एकदा जमीन बघायला येते, भावालाही बोलवून घ्या.